चित्र थोरल्याचे, तार धाकट्याची

गोराईचे एस्सेलवर्ल्ड, संध्याकाळची झी मराठी आणि गच्चीवरची डिश टीव्हीची थाळी या तीन गोष्टी महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांना गेल्या तीसेक वर्षांत कधी ना कधी भेटल्याच आहेत. शाळेची सहल पहिल्या ठिकाणी गेली, जेवणाची वेळ दुसरीने ठरवली आणि महिन्याचे रिचार्ज तिसरीने मागितले. हे तिन्ही उद्योग हरियाणातल्या हिसारकडच्या एकाच धान्यव्यापारी कुटुंबाने उभे केले, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात राहत नाही. लक्षात राहिले ते एकच नाव, सुभाष चंद्रा. त्यांच्या पाठचे भाऊ लक्ष्मी नारायण, जवाहर आणि अशोक आडनाव लावतात गोयल, मुलगा लावतो गोएंका. त्यामुळे नावांवरून नाते उमगतही नाही. यांतले जवाहर गोयल नोएडातल्या फिल्म सिटीत, सेक्टर १६-अ मध्ये बसून आधी सिटी केबल आणि मग डिश टीव्ही चालवत होते. करमणुकीच्या घरगुती कंपनीत असा जो दुसरा भाऊ असतो त्याला आपण हिशेबनीस समजून सोडून देतो. माझ्या मते त्याच्याकडे दोन कामे असतात. प्रेक्षकाच्या खिशातला पैसा ज्या वाटेने परत यायचा ती वाट ताब्यात ठेवायची, हे पहिले. थोरल्याला वेळेवर ‘नाही’ म्हणायचे, हे दुसरे. पहिल्या कामात या कुटुंबाने हिंदुस्थानात क्वचितच कुणी दाखवली असेल अशी हुशारी दाखवली. दुसऱ्यासाठी त्यांच्या घरात जागाच नव्हती, असे उपलब्ध पुराव्यावरून दिसते.

इथे एक शंका लगेच येईल. सुभाष चंद्रा काही गायक, नट किंवा दिग्दर्शक नव्हेत. तांदूळ, मग टूथपेस्टच्या लॅमिनेटेड ट्यूब, मग मनोरंजन नगरी, असा त्यांचा प्रवास. मग त्यांच्या घरात ‘धंद्याचे डोके असलेला भाऊ’ वेगळा काढायचा कसा? शंका रास्त आहे. व्यापाऱ्याच्या घरात सगळ्यांनाच हिशेब कळतो, त्यामुळे इथे कलावंत आणि कारकून अशी फोड चालणार नाही. फरक आहे स्वभावाचा. उपग्रहावरचा एक ट्रान्सपाँडर चालू दराच्या कितीतरी पट पैसे मोजून, वर्षाला पन्नास लाख डॉलरला घ्यायचा आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी देशातली पहिली खासगी हिंदी उपग्रह वाहिनी सुरू करायची, हे उडी मारणाऱ्याचे काम. ती वाहिनी गल्लीतल्या घरापर्यंत पोचते की नाही, आणि पोचली तर तिचे पैसे वर येतात की नाही, हे बघत बसणे दुसऱ्या जातीचे काम. त्याचा उद्घाटन समारंभ होत नाही, मुलाखतीही होत नाहीत. त्याच्याशिवाय पहिली उडी मात्र खड्ड्यात जाते.

नव्वदच्या दशकातली केबलची व्यवस्था आठवली की हे उलगडते. वाहिनी मुंबईत बने, उपग्रहावरून खाली येई आणि शेवटच्या टप्प्यावर गल्लीतला केबलवाला ती पकडून छपरांवरून, विजेच्या खांबांवरून, कधी झाडावरून नेलेल्या तारेने घरात सोडी. घरोघरी जाऊन पैसे तोच गोळा करी. आपल्याकडे जोडण्या किती, हे वाहिनीला तोच सांगे, आणि अर्थातच कमी सांगे. चारशे घरे असतील तर शंभराचा हिशेब वर जाई. मालिका कितीही गाजली तरी वर्गणीचा मोठा वाटा गल्लीतच जिरायचा आणि वाहिनीने जाहिरातीवर जगायचे. अशा व्यवस्थेत उत्तम कार्यक्रम बनवणारा आणि भरपूर पैसे मिळवणारा हे दोघे वेगळे असू शकतात. गोयल कुटुंबाने १९९४ मध्ये सिटी केबल काढली ती याच कोंडीवर. गल्लीगल्लीच्या केबलवाल्यांना एका नियंत्रण कक्षाखाली आणायचे आणि मधली वाट आपल्या हातात घ्यायची. रुपर्ट मर्डॉक यांच्या स्टारची काही वर्षे झीमध्ये निम्म्याच्या जवळपास भागीदारी होती आणि सिटी केबलमध्येही त्यांचा वाटा होता. परदेशी मातब्बरालाही चित्रासोबत तार हवी होती, हे त्यातून कळते. १९९९ मध्ये झीने तो हिस्सा परत विकत घेतला आणि घर पुन्हा घरच्यांचे झाले.

याहून बोलका पुरावा आहे तो थेट घरोघरी प्रक्षेपणाच्या, म्हणजे डीटीएचच्या नियमांत. मर्डॉक यांना ही सेवा १९९७ मध्येच आणायची होती, तेव्हा सरकारने तिच्यावर बंदी घातली. २००१ मध्ये दार उघडले, पण अटी घालून. प्रवेश शुल्क १० कोटी, महसुलाचा दहावा हिस्सा दरवर्षी सरकारला, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे वाहिनी चालवणाऱ्या कंपनीला डीटीएच कंपनीत २० टक्क्यांहून जास्त हिस्सा ठेवता येणार नाही. चित्र आणि तार एकाच हातात जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. आता झीच्या वाहिन्या चालवणारी कंपनी डिश टीव्हीची मालकीण होऊ शकत नव्हती. पण झीच्या प्रवर्तकाच्या भावाने वेगळी कंपनी चालवावी याला मज्जाव नव्हता. कायद्याने जी भिंत दोन कंपन्यांमध्ये बांधली तिला दोन भावांमधले अंगण दिसलेच नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये डिश टीव्ही ही देशातली पहिली खासगी डीटीएच सेवा सुरू झाली. पुढे २००६-०७ च्या सुमारास झीचे विभाजन होऊन बातम्या, केबल आणि डीटीएच अशा स्वतंत्र कंपन्या शेअर बाजारात आल्या, आणि डिश टीव्हीची सूत्रे जवाहर गोयल यांच्याकडे राहिली. अशा कौटुंबिक जोडणीने स्पर्धेला बाधा येते का, हा प्रश्न उगाच उकरलेला नाही. मालकी आणि नियंत्रण यांची व्याख्या नातेसंबंधांपर्यंत न्यावी की नाही यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणात वर्षानुवर्षे काथ्याकूट चालला. पण धंद्याच्या बाजूने पाहिले तर भावाचे मोल इथे स्पष्ट दिसते. हे काम पगारी व्यवस्थापकाला झेपले नसते, कारण कागदावर त्याला तिथे मालक म्हणूनच बसावे लागले असते.

आणि तिथे बसणे सुखाचे नव्हते. डीटीएचचा धंदा लांबून जितका सोपा वाटतो तितका नाही. ग्राहकाकडून महिन्याला थोडेसे पैसे येतात, पण त्याच्या घरी बसवायची थाळी आणि डबा कंपनीला पदरचे पैसे घालून स्वस्तात द्यावा लागतो. तो खर्च वसूल व्हायला काही वर्षे लागतात, आणि तेवढ्यात ग्राहक दुसऱ्याकडे गेला तर सगळेच बुडते. उपग्रहाचे भाडे, वाहिन्यांचे पैसे आणि सरकारचा हिस्सा थांबत नाहीत. वर स्पर्धकांच्या वाहिन्या मिळण्याची मारामार. टाटा स्कायमध्ये भागीदार असलेल्या स्टारकडून सिग्नल मिळवण्यासाठी डिश टीव्हीला २००६ मध्ये दूरसंचार तंटा लवादापर्यंत जावे लागले, आणि सर्वांना समान अटींवर सिग्नल देण्याच्या नियमामुळेच तिला तो मिळाला. गंमत अशी की हाच नियम उलट्या बाजूने झीलाही लागू होता. भावाच्या डिशला द्यायचे ते टाटांनाही द्यायचे. इतका काळ तोटा सोसणारे भांडवल बाजारात सहज मिळत नाही. बँकेला हप्ता हवा असतो, गुंतवणूकदाराला बाहेर पडायची तारीख हवी असते. भाऊ या दोन्ही गोष्टी मागत नाही. जवाहर गोयल याच काळात, २००६ पासून काही वर्षे, वाहिन्यांच्या राष्ट्रीय संघटनेचेही अध्यक्ष होते. म्हणजे धंद्यातले रोजचे खटले आणि धंद्याची दिल्लीतली वकिली या दोन्ही गोष्टी धाकट्याच्या वाट्याला आल्या. राजधानीच्या पल्ल्यात, नोएडात असण्याचा अर्थही तोच. मालिका मुंबईत घडते. परवाना, तरंगलहरी, दर आणि लवाद दिल्लीत.

इतके सगळे भावाशिवाय, नुसत्या भागीदारीतही जमू शकते, असे कोणी म्हणेल. मराठी वाचकापुढे प्रभात आहेच. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाचांनी ती कंपनी काढली. पहिले चौघे स्टुडिओतले, पाचवे पैशाची बाजू धरणारे. पुढे वितरणाचे जाणते बाबुराव पैही भागीदारीत आले. तिथे रक्ताचे नाते नव्हते आणि तरी ‘अयोध्येचा राजा’पासून ‘शेजारी’पर्यंतचे वैभव उभे राहिले. मग नात्याचे एवढे काय? नाते असते तर वैभव वाढले असते, असे मी म्हणत नाही. कंपनी मोडली कशी, ते पाहा. मतभेद झाले, १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, त्यांनी राजकमल काढले आणि दहा-बारा वर्षांत प्रभातचे दार बंद झाले. भागीदार आपला वाटा घेऊन जाऊ शकतो. भावालाही जाता येते, पण त्याला तसे करणे फार महाग पडते, म्हणून तो थांबतो. त्याचे उदाहरण नोएडातल्याच सेक्टर १६-अ मध्ये आहे, टी-सीरीज ही संगीत कंपनी. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तिचे संस्थापक गुलशन कुमार यांची मुंबईत हत्या झाली तेव्हा मुलगा भूषण विशीच्याही आत होता. त्या वेळी कंपनी विकली गेली नाही की फुटली नाही. गुलशन कुमार यांचे भाऊ कृष्ण कुमार पुतण्याच्या बाजूला उभे राहिले, आणि आजही टी-सीरीजच्या चित्रपटांवर निर्माता म्हणून दोघांची नावे शेजारी लागतात. ‘बेवफा सनम’चा नायक एवढीच ज्यांची ओळख उरली, त्यांचे खरे काम हे होते.

थांबणे ही मात्र दुधारी गोष्ट आहे. वॉल्ट डिस्ने यांचे थोरले भाऊ रॉय हे या जातीच्या भावाचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. १९२३ मध्ये दोघांनी मिळून स्टुडिओ काढला, नाव होते डिस्ने ब्रदर्स. तीनेक वर्षांत नाव एकट्या वॉल्टचे झाले आणि रॉय यांनी ते चालू दिले. म्हणून त्यांना आज्ञाधारक सावली समजायची पद्धत आहे. प्रत्यक्षात रॉय नकार देत. डिस्नेलँडची कल्पना निघाली तेव्हा स्टुडिओचा पैसा तिच्यात घालायला ते राजी नव्हते. वॉल्टना १९५२ मध्ये वेगळी खासगी कंपनी काढावी लागली, आयुर्विम्यावर कर्ज उचलावे लागले, आणि त्या खासगी कंपनीवरून दोघा भावांत पुढे कडाक्याची भांडणेही झाली. पण या अडवणुकीमुळेच कल्पनेला आधी बाहेरचा ग्राहक शोधावा लागला. एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने ५ लाख डॉलर गुंतवले, ४५ लाखांच्या कर्जाची हमी घेतली आणि बदल्यात कार्यक्रम मिळवला. तो सौदा जमवायला न्यूयॉर्कला गेले ते रॉयच. नकार देणाराच शेवटी पैसा उभा करून देतो तेव्हा पैसा देणाऱ्यांनाही भरवसा वाटतो, कारण हा माणूस कशालाही हो म्हणणारा नव्हे हे त्यांना माहीत असते. शिवाय रॉय वयाने मोठे होते, ही गोष्ट मला दुर्लक्षण्यासारखी वाटत नाही. आपल्याकडच्या कुटुंबात स्वप्न पाहणारा बहुधा थोरला असतो, आणि थोरल्याला अडवायचे धाकट्याने हे आपल्या घरात शिकवलेलेच नसते.

याची किंमत सुभाष चंद्रा यांच्या एस्सेल समूहाने मोजली ती २०१९ मध्ये. वाहिन्यांतून येणारा पैसा रस्ते, वीज यांसारख्या पायाभूत प्रकल्पांत गेला होता आणि त्यासाठी कर्जे घेतली होती प्रवर्तकांचे शेअर गहाण ठेवून. शेअर गहाण टाकले की भाव चढा असेपर्यंत सगळे ठीक चालते. भाव घसरला की सावकार आणखी तारण मागतो, नाहीतर शेअर विकायला काढतो, आणि त्या विक्रीने भाव आणखी घसरतो. २५ जानेवारी २०१९ रोजी एकाच दिवसात झीचा शेअर एक चतुर्थांशाहून अधिक आणि डिश टीव्हीचा जवळपास एक तृतीयांश कोसळला. त्याच दिवशी सुभाष चंद्रा यांनी सावकारांना खुले पत्र लिहून माफी मागितली. भारतीय उद्योगपतीने असे पत्र लिहिणे दुर्मीळच, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. बुडीत प्रकल्प सोडून न देण्याच्या आपल्या हट्टापायी चार-पाच हजार कोटी गेले, असे त्यांनी त्यात कबूल केले. कुटुंबाची वाटणी झाल्यावर कर्जाचा भार आपण स्वतःकडे घेतला, असेही सांगितले. आणि व्हिडिओकॉनची डीटूएच सेवा घेणे ही आपली चूक, जिच्यासाठी आपल्याला आणि भाऊ जवाहर यांना जबर किंमत मोजावी लागली, असे नाव घेऊन लिहिले.

हा शेवटचा मुद्दा नीट वाचावा असा आहे. डीटूएच ही औरंगाबादच्या धूत बंधूंच्या व्हिडिओकॉनची शाखा, म्हणजे एका भाऊबंदांच्या घरातून दुसऱ्या भाऊबंदांच्या घरात गेलेला धंदा. विलीनीकरण नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर झाले. त्याच्या दोनच महिने आधी जिओ आली होती, आणि मासिक वर्गणी न घेणारी दूरदर्शनची फ्री डिश गावोगाव पसरत होती. मार्च २०१८ मध्ये व्यवहार पुरा झाला तेव्हा डिश टीव्ही ग्राहकसंख्येने देशात पहिली झाली, पण तार आणि थाळी या दोन्ही वाटा जुन्या होत असताना तिने त्याच वाटेवर दुप्पट पैसा लावला होता. पुढे गहाण शेअर ताब्यात घेऊन येस बँक डिश टीव्हीची सर्वांत मोठी भागधारक झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये तिने जवाहर गोयल यांना संचालक मंडळातून काढण्याची मागणी केली आणि वर्षभराच्या कोर्टकचेरीनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये ते पायउतार झाले. धंद्याची वाट बांधणारा धाकटा भाऊ डीटूएचच्या निर्णयाच्या वेळी काय म्हणाला असेल, याला इथे महत्त्व नाही. चूक थोरल्याने आपल्या नावावर घेतली, यावरून अंतिम शब्द कुणाचा होता ते कळते. दोन कंपन्या कागदावर वेगळ्या होत्या, भाव मात्र त्यांचे एकाच दिवशी आणि एकाच कारणाने पडले. भावाने दिलेल्या आधाराला व्याज नसते, करारही नसतो, आणि म्हणून तो आधार किती खोल गेला आहे हे ताळेबंदात वेळेवर दिसत नाही.

याच्या उलट टोकाचा आक्षेपही ऐकून घेतला पाहिजे. पडद्यामागच्या भावाचे एवढे कौतुक कशाला, पडद्यामागे राहणे ही कधी कधी सोयही असते. दिल्लीला हे वेगळे सांगावे लागत नाही. १३ जून १९९७ रोजी ग्रीन पार्कच्या उपहार चित्रपटगृहात ‘बॉर्डर’ चालू असताना आग लागली आणि ५९ माणसे मेली. जादा बसवलेल्या खुर्च्या आणि बाल्कनीचा बंद केलेला एक दरवाजा यांनी बाहेरची वाट अडवली होती. मालक सुशील आणि गोपाल अन्सल या भावांचा बचाव असा होता की संचालकपद आपण आधीच सोडले होते, रोजचा कारभार आपल्याकडे नव्हता. न्यायालयांनी तो मानला नाही. पदे सोडली तरी सूत्रे त्यांच्याच हाती होती, हा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. घरची कंपनी म्हणजे कुणाचे काय काम हे लिहून न ठेवण्याची मुभा, असे झाले की नफा सगळ्यांचा आणि जबाबदारी कुणाचीच नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. फक्त तो भावाविरुद्ध जात नाही, न लिहिलेल्या अधिकाराविरुद्ध जातो. डिश टीव्हीच्या गोष्टीत धाकट्या भावाचे पद, पगार आणि जबाबदारी निदान छापील होती. न लिहिलेला राहिला तो त्याचा नकाराधिकार.

त्याच जून महिन्यात, त्याच दक्षिण दिल्लीत, साकेतला पीव्हीआर अनुपम सुरू झाले. अजय बिजली यांच्या ट्रकवाहतुकीच्या धंद्यातल्या वडिलांनी १९७८ मध्ये वसंत विहारचे प्रिया चित्रपटगृह घेतले होते. अजय यांनी त्यावरून देशातले पहिले मल्टिप्लेक्स उभे केले, आणि धाकटे संजीव कुमार बिजली चित्रपटांची खरेदी व वितरण यांची बाजू पाहू लागले. इथेही थोरल्याचा चेहरा आणि धाकट्याची वाट अशीच विभागणी आहे. वेगळी आहे ती तिसरी खुर्ची. १९९५ मध्येच ऑस्ट्रेलियाची व्हिलेज रोडशो ४० टक्क्यांची भागीदार होती. ती गेली तेव्हा २००३ मध्ये आयसीआयसीआय व्हेंचर आली, २००६ मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली, आणि २०२३ मध्ये आयनॉक्सशी विलीनीकरण होऊन आयनॉक्सच्या जैन कुटुंबाचा हिस्सा १६ टक्क्यांवर, तर बिजलींचा ११ टक्क्यांच्या आत आला. कारभार मात्र बिजलींकडेच राहिला. प्रत्येक वळणावर दोघा भावांच्या समोर जेवणाच्या टेबलाबाहेरचा कुणीतरी बसलेला होता, ज्याला नाही म्हणताना संकोच वाटण्याचे कारण नव्हते. म्हणून पीव्हीआरच्या अडचणी टळल्या असे नाही. करोनाने तिचे सगळे पडदे बंद पाडले. पण तिची संकटे घरातून आली नाहीत.

झीच्या घरात तो बाहेरचा माणूस उशिरा आला आणि गर्दीने आला. ४० टक्क्यांच्या पुढे असलेला प्रवर्तकांचा वाटा कर्ज फेडता फेडता २०१९ च्या अखेरीस चार-पाच टक्क्यांवर आला होता. सोनीशी ठरलेले विलीनीकरण जानेवारी २०२४ मध्ये मोडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुभाष चंद्रा यांचे पुत्र पुनीत गोएंका यांची संचालक म्हणून फेरनेमणूक भागधारकांनी फेटाळली. ते मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून राहिले, मंडळात मात्र नाही. जुलै २०२५ मध्ये प्रवर्तकांना वॉरंट देऊन त्यांचा वाटा १८ टक्क्यांच्या पुढे नेण्याचा ठराव मताला आला. त्यातून कंपनीत दोन हजार कोटींहून अधिक रुपये येणार होते. ठरावाला साठ टक्क्यांच्या जवळपास मते मिळाली, लागणार होती पंचाहत्तर. विरोधात मत देणाऱ्यांत या घरच्या जेवणाच्या पंगतीला कधी बसलेले कोणी असण्याची शक्यता फारच कमी.